फॉर्म मुलालाच भरू द्या

प्रश्न : मुलाने मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. वर्षभरात बुटीबोरी, मिहानमधल्या कंपन्यांत कितीतरी अर्ज केले, पण एकाही ठिकाणाहून बोलावणं नाही. फॉर्म नेट कॅफेवाला भरून देतो. सोबत एक प्रत पाठवतेय. काय चुकतंय?
– एक आई, नंदनवन, नागपूर

ताई, नमस्कार.

फॉर्म नीट वाचला. मुलाचे गुण चांगले आहेत, घोळ आहे तो फॉर्ममध्ये. यापुढे तो त्याचा त्यानेच भरावा. कॅफेतला कॉम्प्युटर, स्कॅनर खुशाल वापरा, पण कीबोर्डवर हात त्याचाच हवा. दिवसभर लोकांचे फॉर्म भरणाऱ्याला तुमच्या मुलाने काय काम केलंय, हे कुठून ठाऊक असणार?

अनुभवाच्या रकान्यात एवढंच आहे : 'सहा महिने वर्कशॉपमध्ये काम.' तुम्ही तर पत्रात लिहिलंय की तो हिंगणा एमआयडीसीत लेथवर होता, शाफ्ट बनवायचा. मग तेच लिहायचं ना! 'लेथवर शाफ्टचं टर्निंग आणि फेसिंग, ड्रॉइंग वाचून जॉब सेट करणं, व्हर्नियर व मायक्रोमीटरने मोजमाप.' प्रॉडक्शनचा माणूस ही ओळ वाचून थांबतो, कारण त्याला हवं ते काम त्यात दिसतं. मात्र सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) नुसतं शेजारी उभं राहून पाहिलं असेल, तर 'चालवलं' असं लिहू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

'काम सोडण्याचं कारण' आणि 'अपेक्षित पगार' हे रकाने कोरे आहेत. कंत्राट संपलं असेल तर तसं सरळ लिहावं, त्यात कमीपणा काही नाही. पगाराचं म्हणाल तर त्याच भागात काम करणाऱ्या सीनियर मुलांना विचारून आकडा टाकावा. जे लागूच नाही, तिथे 'लागू नाही' लिहावं.

वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स, कोळशाची कंपनी) आणि मॉयल (मँगनीजची कंपनी) या केंद्र सरकारच्या कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत, तेव्हा तिथल्या जाहिरातींवरही लक्ष असू द्या. तिथे ओबीसीतून अर्ज करायचा तर जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. जाहिरात आल्यावर सेतू केंद्रात धावपळ करण्यापेक्षा तो आधीच काढून ठेवा. टक्केवारी मार्कशीटवर असेल तीच लिहायची, 59.9 चे 60 केले तर कागदपत्रं तपासताना अर्ज बाद होऊ शकतो. तुमच्या प्रतीत आडनाव एकदा आधी, एकदा शेवटी आलंय. दहावीच्या मार्कशीटवर जसं आहे, तसंच सगळीकडे असू द्या.

भरलेल्या फॉर्मची पीडीएफ दर वेळी जपून ठेवायला सांगा, मुलाखतीच्या आदल्या रात्री तीच वाचायची असते. आणि पुढचा फॉर्म सबमिट करण्याआधी अनुभवाचा मजकूर मला पाठवा. मी पाहून देईन.