‘सोबत एक तरुणी’

अनेक आशीर्वाद.

तुझी परवाची पोस्ट मला तिघांनी पाठवली. त्यातल्या दोघांना ती आवडली होती, हे आधी सांगून टाकतो. घाटातला अपघात, मोटरसायकल, दोघं जागीच ठार. बातमी चारच ओळींची, पण नीट लिहिलेली. वेळ, ठिकाण, पोलिस ठाणं, सगळं जागच्या जागी. आणि वर मथळा: ‘रात्री एक वाजता घाटात काय करत होते दोघं?’ खाली चारशेवर प्रतिक्रिया. मी चष्मा पुसून सगळ्या वाचल्या. निवृत्त माणसाकडे वेळ असतो. रस्त्याबद्दल, वळणाबद्दल, समोरून आलेल्या ट्रकबद्दल बोलणाऱ्या सहा निघाल्या. बाकी सगळ्या त्या दोघांच्या चारित्र्याचा पंचनामा.

फोनवर तू म्हणालास, ‘सर, मी कुठे काय लिहिलं? फक्त प्रश्न विचारला.’ त्यावर मी तेव्हा बोललो नाही, कारण फोनवर मला राग आवरत नाही. म्हणून हे पत्र.

प्रश्न मीही विचारला नव्हता. मी तर फक्त एक शब्द लिहिला होता. तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होतो. रात्री साडेअकराला अंक सुटायच्या घाईत पोलिस ठाण्याला नेहमीचा फोन केला. ठाणे अंमलदार म्हणाला, ‘जीप पलटी, ड्रायव्हर आणि एक बाई मयत.’ मी लिहिलं, ‘जीपचालक व त्याच्या सोबत असलेली एक तरुणी ठार.’ वाक्य सुटसुटीत झालं. सिंगल कॉलम, पान पाच.

दहावं-तेरावं आटोपल्यावर तिचे वडील कचेरीत आले. पांढरी टोपी, सदऱ्याच्या खिशात घडी घातलेलं कात्रण. मला वाटलं, भांडायला आलेत. मी खुर्ची दिली, पाणी मागवलं, मनात माफीची वाक्यं जुळवायला लागलो. ते भांडले नाहीत. त्यांनी कात्रण उलगडून ‘सोबत’ या शब्दावर बोट ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘साहेब, तुम्हाला काही ठाऊक असेल तर सांगा. घरात आम्हाला ती काही बोलली नव्हती.’

शेवटची एस.टी. चुकली म्हणून ती वडापच्या जीपमध्ये बसली होती. मागे जागा नव्हती म्हणून पुढे. बस्स. बाकीचे प्रवासी वाटेत उतरले होते. हे मला त्या दिवशी, त्यांच्यासमोर बसून, पुन्हा ठाण्याला फोन लावल्यावर कळलं. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, हे मला दिसत होतं. छापून आलेलं आहे म्हणजे त्यात काहीतरी असणारच, असं मानणाऱ्या पिढीतले ते. आम्ही आतल्या पानावर तीन ओळींचा खुलासा छापला. त्यांच्या गावात तो कोणी वाचला असेल असं वाटत नाही.

तर मला तुला सांगायचं आहे ते हे. अशा बोलण्याने गेलेल्या माणसाची बदनामी होते, ती होतेच. पण त्याच्याही पुढचं काहीतरी होतं. घरच्यांच्याच मनात किडा पडतो. ज्या लेकीला वीस वर्षं ओळखलं, तिच्याबद्दल बाप एका परक्या उपसंपादकाला विचारायला येतो. आणि ज्याचं उत्तर द्यायचं तेच माणूस उरलेलं नसतं.

गेल्या वर्षीचा जून आठवतो का तुला? माझ्या वहीत त्या आठवड्याचं टिपण आहे. सोमवार ९ जून २०२५. दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान, वळणावर दोन गर्दीच्या लोकल एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लटकणारे प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चार जण दगावले. तासाभरात निकाल लागलेला: ‘दारात उभं राहायची हौस’, ‘स्टंट करतात लेकाचे’. सकाळची वेळ होती. त्या वेळी दिव्याच्या फलाटावर एकदा उभं राहून बघ. आत शिरायला मिळणं हीच चैन, तिथे दार कोण हौसेने धरतं? त्याच दिवशी रेल्वेने नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा केली. काही महिन्यांनी लोहमार्ग पोलिसांनी रुळांच्या देखभालीवरून अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. त्यावर रेल्वे कर्मचाऱ्यांनी आंदोलन केलं, तो वाद वेगळा. पण ‘हौस’ लिहिणाऱ्यांपैकी कोणी परत येऊन आपलं वाक्य खोडलेलं माझ्या पाहण्यात नाही.

रविवार १५ जून. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला. चार मृत्यू. ‘सेल्फीच्या नादात.’ गर्दी होती, फोटोही काढत असतील. ते नाकारत नाही. पण पूल धोकादायक असल्याचा फलक होता, नव्या पुलाला मंजुरी होती आणि काम सुरू झालेलं नव्हतं. त्या फलकापासून नव्या पुलापर्यंतचा सगळा काळ ‘सेल्फी’ या एका शब्दाने गिळून टाकला.

आणि मधला गुरुवार, १२ जून. अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान मिनिटभराच्या आत वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जण गेले. त्या रात्री मी फोन हातात घेऊन बसलो होतो, कारण डोंबिवली-पनवेलकडची मुलं त्या विमानात कर्मचारी होती आणि आमच्या भाचीची मैत्रीण त्याच नोकरीत आहे. काय काय वाचलं म्हणून सांगू! गुजरातचे माजी मुख्यमंत्री विजय रुपाणी त्या विमानात होते. त्यांच्या गाडीचा नंबर १२०६, तारीखही १२/०६, झालं, लोक आकडेमोड करत बसले. ११ए क्रमांकाच्या आसनावरचा एकटा प्रवासी वाचला, त्याचा सख्खा भाऊ त्याच विमानात गेला. एका अभिनेत्रीने लिहून टाकलं की हा माणूस विमानात नव्हताच. मग माफी मागितली. केरळात कासरगोड जिल्ह्यातल्या एका उपतहसीलदाराने त्या विमानातल्या मृत परिचारिकेबद्दल इतकं घाण लिहिलं की सरकारने त्याला निलंबित केलं. शिकलेला माणूस, महसूल खात्यातला, पंचनाम्याची भाषा ज्याला पाठ असायला हवी असा.

मग १२ जुलैला विमान अपघात अन्वेषण विभागाचा प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचं इंधन तोडणारे स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेले. एका वैमानिकाने दुसऱ्याला, इंधन का तोडलंस, असं विचारलं. दुसऱ्याने, मी नाही, असं उत्तर दिलं. कोण कोणाला म्हणालं ते अहवालात नव्हतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात अशा तपासाचा हेतूच लिहिलेला आहे: पुढचा अपघात टाळणं, दोष वाटणं नव्हे. पण वैमानिकांच्या त्या दोन वाक्यांमधली रिकामी जागा भरायला किती जण धावले! वैमानिकाचं घर, लग्न, मनःस्थिती, रजा, सगळं उकरून झालं. वैमानिकांच्या संघटनेने आत्महत्येच्या तर्कांचा निषेध केला, तपास विभागाने स्वतः घाईने निष्कर्ष काढू नका असं कळवलं. कोण ऐकतो.

शेवटी मुख्य वैमानिकाचे ९१ वर्षांचे वडील सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्यांना सांगितलं की हे ओझं तुम्ही मनावर घेऊ नका, तुमच्या मुलाला कोणी दोष देऊ शकत नाही. ती बातमी वाचताना मला पांढरी टोपी आठवली. माझ्याकडे आलेल्या वडिलांना न्यायालय कुठलं मिळायला? त्यांच्या वाट्याला मी आलो.

हे सगळं लोक दुष्टपणाने करतात असं मला वाटत नाही. काही करतातही. पण बहुतेकांना भीती वाटत असते. आपण त्याच घाटातून जातो, त्याच लोकलला लटकतो. गेलेल्याची काहीतरी चूक सापडली की बरं वाटतं. ‘आपण असं करत नाही, म्हणजे आपल्याला काही होणार नाही.’ अमेरिकेत मेल्विन लर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली एका सहकारी बाईंबरोबर यावर प्रयोग केला होता. समोर एका बाईला विजेचे झटके बसताहेत असं लोकांना दाखवलं. तिचे हाल थांबवणं ज्यांच्या हातात नव्हतं, ते तिलाच नावं ठेवू लागले. आपल्याकडे यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. ‘अवसेला बाहेर पडू नये’, ‘भोग असतात एकेकाचे’ हे आपण ओट्यावर बसून ऐकत आलोच आहोत.

तरी त्या ओट्याला एक मर्यादा होती. मयताच्या घरी भेटायला गेल्यावर माणसं किती कमी बोलतात, पाहिलंयस ना? निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, नुसते उठतात. कुजबुज व्हायची ती कोपऱ्यावर, टपरीवर, आणि आईच्या कानावर जाणार नाही इतक्या अंतरावर. तुझ्या पोस्टने टपरी उचलून थेट त्यांच्या माजघरात नेऊन ठेवली.

(आमच्या पिढीचं फार कौतुक नको. आम्ही ‘काळाचा घाला’ लिहून मोकळे व्हायचो. मेलेल्याला दोष नाही हे खरं, पण कंत्राटदारही सुटायचा. काळ बदनामीचा दावा लावत नाही, ही मोठी सोय.)

तू विचारशील, मग काहीच विचारायचं नाही का? विचार. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ला पालघरमध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडीच्या अपघातात गेले. गाडीतले जे दोघं दगावले ते मागे बसलेले होते, आणि पट्टा लावलेला नव्हता. हे छापणं कठोर होतं, तरी छापायलाच हवं होतं. १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांनाच पट्टा सक्तीचा केला; माझ्या घरात मागच्या सीटवर पट्टा लावायची सवय तेव्हापासूनची. त्याच दिवसांत उद्योगघराण्यांतल्या भांडणावरून जे कट रचले गेले लोकांच्या डोक्यात, त्याने एकाचाही जीव वाचला नाही. ‘हेल्मेट नव्हतं’ हे पंचनाम्यातून येतं. ‘मस्ती नडली’ हे तुझ्या मनातून येतं. एवढा फरक तुला कळतो, मला माहीत आहे. परवा तुला घाई होती.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४च्या रात्री अडीचच्या सुमारास भरधाव पोर्श गाडीने मोटरसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं, तेव्हाही ‘एवढ्या रात्री?’ हा प्रश्न निघालाच होता. गाडीत अल्पवयीन मुलगा, पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचं प्रकरण, आणि लोकांना पडलेला प्रश्न काय, तर मेलेली मुलगी कोणाच्या मागे बसली होती!

आता तुझ्या घाटाकडे येऊ. ते वळण मला ठाऊक आहे. उद्या पोलिस ठाण्यात जा आणि त्या अर्ध्या किलोमीटरात गेल्या तीन वर्षांत किती अपघात नोंदले आहेत ते काढ. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं गेली, तर केंद्राच्या व्याख्येप्रमाणे तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. ठरला असेल तर फलक कुठे आहे? कठडा तुटून किती दिवस झाले? १०८ला फोन कधी गेला, गाडी कधी पोचली? हे सगळं लिही. आठशे शब्द लिही. चारशे प्रतिक्रिया येणार नाहीत, चाळीस येतील. बांधकाम खात्याचा एक फोन मात्र येईल, आणि तो चिडलेला असेल.

कायद्याची भीती घालायची नाही, पण माहीत असू दे: भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात मृत व्यक्तीची बदनामीही येते, घरच्यांना दुखावण्याच्या हेतूने केलेली असेल तर. तुझा हेतू तसा नव्हता. चारशेंपैकी काहींचा होता, आणि त्यांना जागा तू दिलीस.

पोस्ट काढून टाकशीलच. माफीचं कार्ड बनवून टाकू नकोस, त्यालाही पुन्हा लोक गोळा होतात. पण काढण्याआधी एक कर. खाली, दोनशेच्या आसपास कुठेतरी, एका मुलीने लिहिलं आहे: ‘माझा भाऊ होता तो. सेकंड शिफ्ट करून येत होता.’ तिला तीन लाइक आहेत. तिच्याखाली कोणीतरी विचारलंय, ‘मग सोबतची कोण?’ आणि हसणारे चेहरे. तू त्या धाग्यावर काहीच बोललेला नाहीस. पोस्ट काढलीस की तिचं वाक्यही जाईल, आणि तिला वाटेल ते कोणी वाचलंच नाही. तिला आधी खासगीत लिही. दोन ओळी पुरेत. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहू नकोस. फोन आला तर उचल, आणि ‘बातमीत असं असतं’ असं काही बोलू नकोस. ती काय म्हणाली ते मला कळवलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
सर