त्रिमूर्ती म्हणावं की सदाशिव?

प्रश्न : घारापुरीला गेलो होतो. गाइडने मोठ्या मूर्तीला त्रिमूर्ती म्हटलं, म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. मुलगी म्हणाली, हा सदाशिव; तिने स्टेला क्रामरिश यांचं नाव सांगितलं. या बाई कोण? त्यांचं कोणतं पुस्तक आधी वाचावं?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : ताई, मुलीचंच ऐका. सदाशिव म्हणजे पाच मुखांचा शिव. पुन्हा गेलात की मधल्या शांत मुखावरून नजर काढून आपल्या डाव्या हाताला बघा. मिशा, चढलेल्या भुवया, नाग : हा अघोर, शिवाचं उग्र मुख. उजवीकडचा चेहरा कोवळा, हातात कमळ, तो वामदेव, शिवाचं सौम्य मुख. यात ब्रह्मदेवाला कुठे बसवणार? चौथं मुख मागे कातळात आणि पाचवं वर, ती दोन्ही कोरलेलीच नाहीत. ही मूर्ती शिवाचीच, असं म्हणणाऱ्या बाई काही पहिल्या नव्हेत. पण १९४६ साली या एकाच मूर्तीवर त्यांनी लेख लिहिला आणि न दिसणाऱ्या मुखांसकट ती कशी बघायची ते दाखवलं.

त्यांचा जन्म १८९६चा, मोराव्हियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला. व्हिएन्नात डॉक्टरेट केली, मग रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून शांतिनिकेतन, आणि पुढे १९५०पर्यंत कलकत्ता विद्यापीठात अध्यापन. नंतर फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात भारतीय कलेचा विभाग सांभाळला. १९८१ साली तिथेच शिवप्रतिमांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्या पंचाऐंशीच्या घरात होत्या!

विष्णुधर्मोत्तर या पुराणातल्या चित्रकलेच्या भागाचं त्यांनी इंग्रजी भाषांतर केलं. त्यात वज्र राजाला मूर्ती घडवायला शिकायचंय. मार्कंडेय म्हणतो, आधी चित्र शीक. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गाणं. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची, ‘म्हणजे सर, पहिलं वर्ष गाण्याचं?’ बाईंनी स्वतः तरुणपणी नृत्य शिकलं होतं. मूर्तीच्या कमरेचा बाक, हाताचा झोक यांवर त्या लिहितात तेव्हा ते जाणवतं.

आता पुस्तकाचं. ‘द हिंदू टेंपल’चे दोन खंड आधी मुळीच घेऊ नका. मी विद्यार्थी असताना पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि वास्तुपुरुषमंडलातच, म्हणजे देवळाच्या आराखड्यामागच्या चौकटींच्या आकृतीतच, अडकलो. पुस्तक दंड भरून परत केलं. ‘द प्रेझेन्स ऑफ शिव’ घ्या, तेही मागून. शेवटी घारापुरीवरचं लेखन आहे. देऊळ कुणी बांधलं, पैसा कुणाचा, पाथरवट कोण, यात बाईंना फारसा रस नाही. सगळं ग्रंथांतून आणि अर्थातून उलगडायचं. मला ते खटकतं. त्यासाठी दुसऱ्या अभ्यासकांकडे जावं लागतं.

ते प्रकरण वाचून झालं की मुलीला घेऊन पुन्हा लाँच पकडा. फक्त सोमवार टाळा, लेणी बंद असतात.