व्हीआर हेडसेट लावून फायरमनला खऱ्या आगीचं ट्रेनिंग देता येतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा भाचा फायरमनचा कोर्स करतोय, त्यांच्याकडे व्हीआरचा (म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून खोट्या, कॉम्प्युटरने उभ्या केलेल्या जागेत वावरायचं तंत्र) डेमो झाला, अंगाला गरम लागतं, पाइप मागे ढकलतो वगैरे, तर ह्यातून खरंच काही शिकता येतं का, त्यात धुराचा वासही असावा का, की हा नुसता मोठ्या माणसांचा व्हिडिओ गेम आहे. मी 22 वर्षं अग्निशमन दलात काढली, त्यातली शेवटची काही वर्षं नवीन पोरांची ड्रिल घेण्यात गेली, आणि असा सेट मी स्वतः अंगावर चढवून बघितलाय, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी एक गोष्ट सांगतो जी बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. पेटलेल्या बंद खोलीत शिरल्यावर बहुतेक वेळा दिसत काहीच नाही. धूर कमरेपर्यंत उतरलेला असतो, टॉर्चचा उजेड हातभर पुढे जाऊन संपतो, स्वतःच्या हातातली ब्रँच दिसत नाही (ब्रँच म्हणजे होजच्या, म्हणजे पाण्याच्या लवचिक पाइपच्या तोंडाला लावतात ती पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची नळी). आम्ही आत जातो ते गुडघ्यांवर, एक हात भिंतीला, दुसरा हात उलटा करून पुढे चाचपत. उलटा अशासाठी की उघडी वायर लागलीच तर शॉकने मूठ तिच्यावर आवळली जाऊ नये. म्हणजे हे सगळं काम कानांचं, कातडीचं आणि हातांचं, आणि व्हीआर हेडसेट तर डोळ्यांचं यंत्र. त्यामुळे नुसता हेडसेट असेल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. पण त्याच्याबरोबर बाकीच्या संवेदना नीट जोडल्या असतील तर उत्तर बदलतं.

ह्या प्रकारातलं माझ्या माहितीतलं सगळ्यात नाव झालेलं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरात डीकिन युनिव्हर्सिटीच्या संशोधनातून उभी राहिलेली फ्लेम सिस्टिम्स. त्यांच्या सेटमध्ये हेडसेटबरोबर अंग तापवणारं जॅकेट असतं, पाठीवर बीए सेट असतो (श्वासाच्या सिलेंडरचा सेट) आणि खरी होज असते जी रीलला जोडलेली असते आणि ब्रँच उघडली की ती रील मोटरने मागे खेचते. मी घातला तो सेट साधारण ह्याच धर्तीचा होता. एका प्रदर्शनात, कार्पेटवर, आजूबाजूला चहा घेऊन उभी असलेली माणसं. हेडसेट लावला आणि समोर एक फ्लॅट, पॅसेज, आतल्या खोलीतून धूर. दारातून दोन पावलं आत गेलो आणि डाव्या खांद्यावर ऊब आली, मग ती वाढत वाढत मानेपर्यंत चढली. वर बघितलं तर छताला काळा धूर लाटेसारखा पुढे सरकत होता आणि मी काही ठरवायच्या आत गुडघ्यावर बसलेलो होतो. खरोखर, त्या कार्पेटवर. खाली बसल्यावर गरमपणा कमी झाला.

मला त्या सेटमधलं सगळ्यात मोलाचं हेच वाटलं. गरम लागणं हे भीती दाखवायला नसतं, ती खबर असते. छताजवळची हवा साधारण 500 ते 600 डिग्रीला पोचली की खोलीतलं सगळं सामान एकदम पेट घेऊ शकतं, त्याला फ्लॅशओव्हर म्हणतात, आणि त्यात सापडलेला माणूस पूर्ण किटमध्ये असला तरी त्याच्याकडे काही सेकंदच असतात. ते यायच्या आधी कुठून तापतंय, उभं राहिल्यावर किती, बसल्यावर किती, हे अंगाला कळायला पाहिजे. वर्गात फळ्यावर मी हे शेकडो वेळा शिकवलं, पोरं मान डोलवतात, परीक्षेत लिहितातही, पण गुडघे आपोआप वाकत नाहीत. जॅकेटने ते वाकतात. मात्र अट एकच की ऊब धुराच्या आणि ज्वाळांच्या जागेप्रमाणे कमीजास्त झाली पाहिजे, नुसतं आत शिरलं की जॅकेट तापलं असं असेल तर ते न घातलेलं बरं, कारण मग पोरगा गरमपणाकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

वासाबद्दल तुम्ही खास विचारलंय. इथे माझं मत जरा वेगळं आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीने एक अभ्यास केला होता, 2019 मध्ये आला, त्यात व्हीआरमधल्या ऑफिसला आग लागते आणि साध्या माणसांनी बाहेर पडायचं असतं. काहींना नुसतं चित्र आणि आवाज, काहींना त्याबरोबर हीटरची खरी धग आणि धुराचा वास. नुसत्या चित्रवाल्यांपैकी काहीजण गेमसारखं वागले, आणि धग आणि वास मिळालेल्यांना घाई खरी वाटली. ऑफिसातल्या, शाळेतल्या, हॉस्पिटलमधल्या माणसांसाठी हे अगदी बरोबर आहे, वासच त्यांना पहिला सावध करतो. पण फायरमनने मास्क लावल्यावर त्याला वास यायलाच नको! मास्कच्या आत धुराचा वास आला म्हणजे सील सुटलंय, मागे फिर आणि बाहेर ये. म्हणून फायरमनच्या ट्रेनिंगमध्ये वास घालायचाच असेल तर तो दारात, मास्क लावायच्या आधी घाला, किंवा मधेच एकदा मुद्दाम सोडा आणि बघा पोरगा बाहेर पडतो की तसाच पुढे जातो.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे श्वास. 6 लिटरचा सिलेंडर 300 बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरला तर आत साधारण 1800 लिटर हवा. मिनिटाला 40 लिटर धरलं तर 45 मिनिटं, पण घाबरलेला माणूस जोराचं काम करत 100 लिटरपर्यंतही ओढतो, मग तोच सिलेंडर 18 मिनिटांत खलास, आणि 55 बारच्या आसपास शिट्टी वाजायला लागते त्या आधीच परत फिरायला हवं. चांगल्या सेटमध्ये तुमचा खरा श्वास मोजला जातो आणि त्याप्रमाणे गेज (सिलेंडरमधला दाब दाखवणारा काटा) उतरतो. तिथे मला माझा गेज अपेक्षेपेक्षा खूप खाली दिसला, आगीच्या नादात मी तो बघितलाच नव्हता, आणि एवढ्या वर्षांनंतरही हे होऊ शकतं ही गोष्ट मला फार लागली.

आता खरी आग लावूनच का शिकवू नये हा प्रश्न येतो. शिकवायलाच पाहिजे, पण त्याची किंमत मोजावी लागते. 2001 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सव्हिल गावात एका जुन्या घराला आग लावून ड्रिल चालली होती, 19 वर्षांच्या एका नवख्या पोराला आत अडकलेला माणूस म्हणून ठेवलं होतं आणि तो त्यातच गेला. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने फायरमनचं काम कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, म्हणजे धुरातला प्रत्येक जास्तीचा तास हिशेबात धरावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातलं फिस्कव्हिल हे फायरमनचं ट्रेनिंग कॉलेज 2015 मध्ये बंद करावं लागलं, वर्षानुवर्षांच्या सरावात वापरलेल्या फोम आणि रसायनांनी तिथली जमीन आणि पाणी खराब झालं होतं.

शिवाय काही गोष्टी जाळून दाखवताच येत नाहीत. ज्वाळांत तापलेला घरगुती सिलेंडर, घाटात उलटलेला केमिकलचा टँकर, पेटलेली ई-गाडी, आणि जुनी इमारत कोसळायच्या आधी कशी बोलते ते. 9 मे 2015 ला काळबादेवीत गोकुळ निवासच्या आगीत इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाने चार वरिष्ठ अधिकारी गमावले. आमच्यातल्या कोणालाही तो दिवस विसरता येत नाही. भिंतीला गेलेला तडा, चौकट तिरकी झाल्याने अडकलेलं दार, वरून झडणारी माती, किती मिनिटांनी सगळ्यांना बाहेर काढायचं, हा निर्णय पन्नास वेळा घ्यायचा सराव व्हीआरमध्येच होऊ शकतो, दुसरीकडे कुठे करणार?

आणि जे जमत नाही तेही सांगतो. त्या कार्पेटवर खाली बसल्यावर माझा हात सवयीने भिंत शोधायला गेला आणि भिंत नव्हतीच, हात आरपार गेला. माझ्या ट्रेनिंगच्या वेळी स्मोक गॅलरीत ओलं गवत आणि गोणपाट जाळून धूर करायचे, तिथे मी एकदा क्षणभर भिंतीवरचा हात सोडला आणि चार हातांवरचं दार मला कितीतरी वेळ सापडलं नाही. तेव्हापासून हात सोडला नाही. हा धडा हेडसेट देऊ शकत नाही, उलट भिंत खोटी असते ही सवय लावतो, आणि मला त्याची काळजी वाटते. तसंच पाण्याचं. 15 मिलिमीटरच्या नोझलमधून 7 बारला जेट सोडला तर साधारण 25 किलोचा धक्का बसतो, तो मोटर देते, पण भरलेली होज जिन्यातून तीन मजले ओढत नेताना जे होतं ते देत नाही. आणि पाण्याची वाफ होताना ते जवळपास 1700 पट फुगतं, गरम धुरात पाणी भसाभस मारलं तर ती वाफ तुमच्याच अंगावर येते. स्क्रीनवर धूर खाली येतो, पण वाफेने भाजत नाही.

म्हणून भाच्याला सांगा, स्मोक गॅलरी आणि होज ड्रिल एकही चुकवायची नाही, आणि व्हीआरची पाळी आली की इन्स्ट्रक्टरला सांगून धूर पूर्ण वाढवून घ्यायचा. ज्वाळा छान दिसत असतील तर सराव चुकीचा चाललाय. हेडसेट लावायच्या आधी कोणाला तरी खरी भिंत म्हणून टेबलं आडवी लावायला सांगायची, आत असताना दर थोड्या वेळाने गेज मोठ्याने वाचायचा, आणि बाहेर आल्यावर आधी आग विझली का ते न विचारता किती बार शिल्लक होते ते विचारायचं.