मॉस कॅम्पियन मधोमध तपकिरी पडतंय? आधी पाणी थांबवा

मॉस कॅम्पियन म्हणजे थंड, खडकाळ डोंगरांवरचं, जमिनीलगत घट्ट हिरव्या उशीसारखं वाढणारं फुलझाड. तुम्ही फोटो पाठवून लिहिलंत की या उशीचा मधला भाग तपकिरी, कडा हिरव्या, म्हणून तुम्ही रोज पाणी घालताय; हे वाचून माझंच जुनं रोप आठवलं. निचरा, ऊन, थंडी हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

माझं रोप तीन वर्षं फुललं नाही. जिथून आणलं त्या रोपवाटिकेला विचारलं, तर दोन ओळींचं उत्तर आलं: मोठ्या कुंडीत हलवा, कंपोस्ट घाला. कुठल्याही रोपाला हेच सांगत असावेत! मीही ऐकलं. कुंडी उलटी केली तर वर तळहाताएवढी उशी आणि खाली एकच जाड सोटमूळ, पार तळाला टेकलेलं. ओढताना ते मध्येच तुटलं. बाजूची बारीक मुळं शाबूत आहेत ना, अशी मनाची समजूत घातली. पंधरा दिवसांत मधला भाग तपकिरी झाला, मग मीही पाणीच वाढवलं. शेवटी बोट दाबलं तर आत ओला लगदा.

नंतर वाचून कळलं, आर्क्टिकच्या आणि आल्प्सच्या खडकाळ उतारांवर याचं सोटमूळ मीटरभराहूनही खोल जातं, आणि पहिलं फूल यायला दहाएक वर्षंही लागतात. शंभरी ओलांडलेल्या उशा आहेत. त्यापुढे माझी तीन वर्षं म्हणजे काहीच नाही. उलट कंपोस्टाने वाढ सैल होते, घट्ट उशी विस्कटते आणि आत पाणी साचतं. खत घालूच नये, हे माझं ठाम मत. डोंगरावरून उपटलेली रोपं विकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. मूळ तिथेच राहतं, तुमच्या हाती येते ती नुसती टोपी.

मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही, फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही. वयानेही मधला भाग मरतो. बोटाने दाबून बघा. कोरडं, कुरकुरीत लागलं तर पोकळीत बारीक खडी आणि भरड वाळू भरा. त्यात देठांना कधीकधी नवी मुळं फुटतात. मऊ, ओलं लागलं तर पाणी बंद, कुंडी पावसाच्या आडोशाला, पण उघड्या हवेत.

आणि बी धरत नाही म्हणालात, तर काही रोपं फक्त मादी फुलांचीच असतात. एकटीला ठेवलंत तर बी कुठून धरणार?