एकविसाव्या भिक्षूचं गणित

नाशिक,
श्रावणातला शनिवार

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या भुताच्या कादंबरीची तीन प्रकरणं वाचली. एकदा मनात आणि एकदा मोठ्याने, कारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठीचं लिखाण कानांनी तपासावं लागतं. काल धरणातून पाणी सोडलं होतं. संध्याकाळी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर गेले, तर ज्याच्यावरून नाशिककर पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीचे गुडघे बुडाले होते. पुलावर उभी पोरं पैज लावत होती, रात्रीत कमरेपर्यंत येईल की नाही. ते ऐकून घरी आले आणि तुझा धुक्यातला बंगला पुन्हा उघडला.

भाषा तुझी चांगली आहे. वाक्यं लहान आहेत, पोरांचं भांडण अगदी खरं वाटतं. पण तो बंगला मला परका वाटला. दिवाणखान्यात चिलखत, भिंतीत शेकोटी, जिन्यावर मेणबत्ती. असा बंगला तू पाहिलेला नाहीस आणि तुझ्या वाचकांनीही नाही. तिथे काहीही घडू शकतं, म्हणून तिथे कशाचीच भीती वाटत नाही. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं म्हणजे काय, हे मात्र पंचवटीतल्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. पाणी छातीला आलं, गळ्याला आलं, एवढं लिहिलंस तरी वाचणारं मूल पाय वर घेऊन बसेल.

तू जुन्या नाशकात वाढलीस. ज्या चौकातून रोज शाळेत गेलीस, तिथे रस्त्याखाली रहाड आहे. पेशव्यांच्या काळातला तो हौद वर्षभर लाकडं टाकून, माती लोटून बुजवलेला असतो आणि वरून गाड्या जातात. रंगपंचमीला उकरतात, पूजा होते, रंग उकळून ओततात, लोक धप्पा मारतात, म्हणजे आत उडी घेतात, आणि पुन्हा वर्षभरासाठी बंद. मोठ्यांना त्यात नवल वाटत नाही. पण दहा वर्षांच्या मुलाला विचार, रहाड बंद करताना आत कुणी राहिलं तर? त्याचे डोळे बघ. वर्षातून एकदाच उघडणारं दार तुझ्या पायाखाली आहे. त्या दाराचा नियम तुला शोधावाही लागत नाही, तो गावाने आधीच करून ठेवलाय. आत गेलेल्याला संध्याकाळच्या आत बाहेर यायचंय, नाहीतर पुढची रंगपंचमी. कादंबरीला लागणारी घाई इथे आयती मिळते.

नियमांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुझ्या तीनही प्रकरणांत मला तेच अडलं. तुझं भूत पहिल्या प्रकरणात भिंतीतून जातं, दुसऱ्यात दाराला कडी लावल्यावर अडतं, तिसऱ्यात मुलांच्या मनातलं ओळखतं. मग मुलांनी काय करायचं? आपल्याकडची जुनी भुतं बघ, प्रत्येकाचे नियम पक्के. मुंजा पिंपळ सोडत नाही. गिऱ्हा पाण्यातच राहतो. चकवा माणसाला इजा करत नाही, फक्त त्याच त्या जागी फिरवत ठेवतो. हा चकवा जानेवारीच्या थंडीत निफाडकडच्या द्राक्षबागेत आणून सोड. सगळ्या ओळी सारख्या, सगळे खांब सारखे, शेतकऱ्यांनी थंडीसाठी पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर सगळीकडे सारखाच. मुलगी चालते आहे आणि तिसऱ्यांदा तीच तुटलेली ठिबकची नळी पायाला लागते आहे. आता तिला कळलं की आपण फिरतोय, तर वाचकालाही त्याच क्षणी कळलं पाहिजे. तिच्याजवळ जेवढी माहिती तेवढीच वाचकाजवळ. बाहेर पडायची युक्ती दोघांनाही सुचण्यासारखी असावी, आणि तिला ती अर्धं पान आधी सुचावी.

मी बरीच वर्षं मनात जपलेली एक गोष्ट आता तुला देऊन टाकते. माझ्याकडून ती लिहून होणार नाही.

पांडवलेणीच्या दहा नंबरच्या लेण्यात तू शाळेच्या सहलीत गेली असशील. तिथल्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. एका श्रेणीकडे दोन हजार, शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण. मुद्दल कधी परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून, त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे कापडासाठी.

आता वही घे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, म्हणजे महिन्याला वीस आणि वर्षाला २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, २४०. एक नाणंही उरत नाही. मी पहिल्यांदा हे गणित मांडलं तेव्हा अंगावर काटा आला. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इतकं चोख बसवलेलं गणित डोंगरात कोरून ठेवलं, आणि ते आजही बरोबर येतं.

मग मला प्रश्न पडला की एखाद्या पावसाळ्यात एकविसावा भिक्षू आला असेल तर? नदीला पूर, वाट बंद, तो उशिरा पोचला, आणि चीवराचे पैसे वीस जणांचेच. तुझं भूत तिथे आहे. ओल्या कापडात कुडकुडणारं, कुणावर न रागावणारं, दर पावसाळ्यात येऊन मोजणारं आणि वीसवर थांबणारं. त्याला घाबरवायचं नाहीच, त्याला फक्त आपलं गणित सुटायला हवंय. तुझी मुलं आधी घाबरतील, मग ऐकतील, मग कागद-पेन्सिल काढतील. दुसऱ्या श्रेणीकडच्या हजारावर वर्षाला नव्वद येतात. पण ते व्याज दुसऱ्या कामासाठी ठेवलेलं. त्यातून बारा घ्यायचे का, घेता येतात का, यावर मुलांना भांडू दे. चांगलं दोन प्रकरणं भांडू दे.

ही गोष्ट घेतलीस तर एक सांभाळ. त्रिरश्मीवर, म्हणजे लेण्यांच्या त्या डोंगरावर, आजही लोक श्रद्धेने येतात, वंदना म्हणतात. तिथला भिक्षू दात विचकणारा करू नकोस.

तुझ्या दुसऱ्या प्रकरणातला मांत्रिक मात्र काढ. अजिबात नको. तो येतो, लिंबू कापतो, धूर करतो, आणि मुलांचा प्रश्न सुटतो. अशाने पोरांच्या हातातलं पुस्तक त्यांनाच शिकवतं की संकट आलं की बुवाकडे जा. आपल्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. मुलांसाठी भुताची गोष्ट लिहिणाऱ्याने हे विसरून चालत नाही. गोष्टीत भूत असू दे, पण त्याच्यावरचा उपाय मुलांच्या डोक्यातून आणि धिटाईतून यावा. तसंच हडळीचं. बाळंतपणात गेलेल्या बाईला आपल्या लोकांनी हडळ केलं. तिच्यावर लिहायचंच असेल तर तिला आधी नाव दे, घर दे, तिचं बाळ कुठे गेलं ते शोध.

भीती किती घालायची, असं तू विचारलंस. याला माप नाही, पण माझी एक चूक सांगते. खूप वर्षांपूर्वी मी एका वर्गात माझीच गोष्ट वाचत होते. त्यात मुंजा झालेला मुलगा कसा बुडाला, ते मी फार सविस्तर लिहिलं होतं. पाण्याचा रंग, हात, सगळं. वर्ग चिडीचूप झाला आणि मला वाटलं, जमलं. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मान खाली घालून बसली होती. तास संपल्यावर बाईंनी सांगितलं की तिचा भाऊ आदल्या वर्षी गंगेत गेला. मी तिच्याजवळ जाऊन बसले, काय बोलावं ते सुचलं नाही. ती म्हणाली, "त्याला थंडी वाजत असेल का?" एकविसावा भिक्षू कुडकुडतो, तो तिच्यामुळे. तेव्हापासून मी मरण दाखवत नाही, मेल्यानंतरचा माणूस दाखवते, त्याला काय हवंय ते दाखवते. दारामागचा आवाज हवा तेवढा वाढव. अंधारात ओल्या घोंगडीचा वास येऊ दे. पण दर प्रकरणात एकदा तरी कुणीतरी कुणाचा तरी हात धरावा.

बाकी बारीकसारीक. तुझा नायक नऊ वर्षांचा आहे, त्याला बारा-तेराचा कर. मुलांना आपल्याहून थोड्या मोठ्या मुलांबद्दल वाचायला आवडतं. आईवडील रात्रभर कुठे होते, ते नीट सांग, वर्गात पहिला हात त्याच प्रश्नाला वर होतो. "गावाला गेले" चालणार नाही. पुरामुळे पूल बंद, आई पलीकडे दवाखान्यात ड्यूटीवर अडकलेली, फोनवर तिचा आवाज तुटक येतोय, हे चालेल. आणि भुताच्या तोंडी "अहो बालकांनो" नको. भुतानेही साधंच बोलावं.

बंगल्याची तीन प्रकरणं फेकू नकोस, भावाबहिणीचं भांडण त्यातूनच उचलायचं आहे. पाऊस उघडला की एकदा सकाळी लेण्यांवर जाऊन ये. वही ने. दहा नंबरच्या ओवरीत बस, वीस भिक्षूंना झोपायला जागा कशी पुरली असेल ते बघ, आणि एकविसावा कुठे बसला असेल ती जागा नक्की करून ये. पुढच्या महिन्यात सहावीच्या वर्गात वाचनाचा तास आहे. पहिलं प्रकरण तूच वाच, मी मागच्या बाकावर बसेन.

तुझी,
मावशी