नवीन सीडीएल हातात येतंय, फ्लॅटबेडसाठी कुठली कंपनी धरू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत ओहायोत कोलंबसजवळ राहता, ग्रीन कार्ड आहे, वय ३४, सीडीएलची, म्हणजे जड गाडीच्या व्यावसायिक परवान्याची, परीक्षा पुढच्या महिन्यात. बंद डब्याच्या ट्रेलरऐवजी फ्लॅटबेड, म्हणजे उघडा सपाट ट्रेलर, करायचं ठरवलंय. चार कंपन्यांचे रिक्रूटर रोज फोन करतात आणि त्यातला एक मैलाला ६ सेंट जास्त देतो म्हणतो. कुठं जाऊ?

मी नऊ वर्षं फ्लॅटबेड चालवतोय. मूळचा कराडचा. वडिलांची दहाचाकी होती, सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. क्लीनर वर चढून ताडपत्री ओढायचा, दोर खाली फेकायचा, वडील गाठ मारून कसायचे. त्यामुळे इथं फ्लॅटबेड घेतलं तेव्हा वाटलं, यात शिकायचं काय? हे तर लहानपणापासून बघतोय. तो माज पहिल्या आठवड्यातच उतरला. इथं क्लीनर नसतो. ड्रायव्हर तुम्ही, क्लीनर तुम्ही आणि अर्धे हमालही तुम्हीच. शिवाय रस्त्यात अडवणारा इन्स्पेक्टर प्रत्येक साखळीवरचा आकडा वाचतो.

माझी पहिली कंपनी मी सेंट मोजूनच निवडली होती. नाव सांगत नाही. ट्रेनिंग म्हणून यार्डात चार दिवस, त्यातले दोन कागदपत्रांत गेले. मग एका ट्रेनरबरोबर दहा दिवस. तो ट्रेनर स्वतः आठ महिने जुना! एकट्यानं केलेली पहिली खेप होती इंडियानातल्या गॅरीजवळून उचललेल्या पाइपांची. पट्टे मी बरोबर मोजून टाकले, पण पट्टा जिथं धारेवरून वळतो तिथं कोपऱ्याला रबरी संरक्षक लावायचे राहिले. लावणार तरी काय, गाडीत चारच होते. पहिल्या ५० मैलांच्या आत माल तपासायचा असा नियम आहे, म्हणून थांबलो, तर दोन पट्टे निम्मे कापलेले. डिस्पॅचरला, म्हणजे ऑफिसातून खेपा लावून देणाऱ्याला, फोन केला. तो म्हणाला, "दोन वाजताची अपॉइंटमेंट आहे, हळू चालव." मी ट्रक स्टॉपवरून स्वतःच्या पैशानं पट्टे घेतले, जुन्या टायरचे तुकडे मागून कोपऱ्यांना लावले आणि तीन तास उशिरा पोहोचलो. उशिराची नोंद माझ्या नावावर झाली. पट्ट्यांचे पैसे आजतागायत आलेले नाहीत.

म्हणून माझं उत्तर एवढंच, की पहिल्या वर्षाची कंपनी म्हणजे तुमची शाळा आहे. बांधणी कोण नीट शिकवतो, आणि "ही गाडी अशी हलवणार नाही" म्हटल्यावर पलीकडून काय ऐकू येतं, या दोन गोष्टींवर ती निवडा.

तुमच्या हातात पर्याय तसे कमीच आहेत, हेही लक्षात घ्या. दहा-वीस गाड्यांच्या छोट्या कंपन्या बऱ्याचदा चांगल्या असतात, पण त्यांचा विमावाला नवख्याला गाडीवर बसू देत नाही. एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात. राहिल्या नवख्यांना घेणाऱ्या मोठ्या कंपन्या: डी मॉइनची टीएमसी, आर्कान्सामधल्या नॉर्थ लिटल रॉकची मॅव्हरिक, टल्साची मेल्टन, विस्कॉन्सिनातली रोल. टीएमसीची मालकी कर्मचाऱ्यांकडे आहे. काळ्या चकचकीत पीटरबिल्ट गाड्या रस्त्यात दिसतात त्या त्यांच्याच. मेल्टनचा माल मेक्सिको आणि कॅनडाच्या सीमेपर्यंत जातो, म्हणजे घरापासून लांब. यांपैकी कुणाचीही शिफारस करत नाही. तुमच्या पिनकोडात कोण भरती करतंय आणि तिथून माल कुठं जातो, हे प्रत्येकाला वेगळं विचारा. ओहायो फ्लॅटबेडला सोन्यासारखा आहे. मिडलटाउनला, क्लीव्हलंडला पोलादाचे कारखाने, शेजारी इंडियाना. न्यू जर्सीत राहत असतात तर हेच उत्तर मी जरा वेगळं दिलं असतं.

आता ट्रेनिंग. रिक्रूटर सांगेल "उत्तम ट्रेनिंग आहे". ते सोडून द्या आणि आकडे विचारा. यार्डात खऱ्या ट्रेलरवर, खऱ्या वजनावर किती दिवस बांधायला देता? कॉइल, म्हणजे पोलादी पत्र्याची गुंडाळी, ठेवता का? ट्रेनरबरोबर किती आठवडे, आणि ट्रेनर व्हायला तुमच्याकडे कमीत कमी किती अनुभव लागतो? या शेवटच्या प्रश्नावर जो रिक्रूटर अडखळला, त्याला नमस्कार करा आणि फोन ठेवा.

कॉइलबद्दल एवढं का बोलतोय? पोलादाची एक गुंडाळी ४५,००० पौंडांपर्यंत भरते आणि तुमच्या पाठीमागं बसते. नियम असा की साखळ्या-पट्ट्यांची मिळून क्षमता मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी, म्हणजे इथं २२,५००. ३/८ इंची ग्रेड ७० साखळीची क्षमता ६,६०० पौंड, म्हणजे हिशेबानं चार साखळ्या पुरतात, त्या एका बाजूच्या अडकणीतून मालावरून दुसऱ्या बाजूला गेल्या तर. साखळी मालालाच अडकवून तिथं संपवलीत तर ती निम्मीच धरतात. हे मला पहिल्या कंपनीत कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या कंपनीत टेक्सासचा एक म्हातारा ट्रेनर भेटला. तो चार लागत असतील तिथं सहा टाकायचा आणि म्हणायचा, चार कायद्यासाठी, दोन माझ्या बायकोसाठी. गुंडाळीचं भोक आकाशाकडे आहे, रस्त्याच्या दिशेनं आहे की आडवं, यावर बांधणी पूर्ण बदलते. आडव्या ठेवणीला ड्रायव्हर लोक 'सुसाइड' म्हणतात, कारण ब्रेक दाबल्यावर ती नेमकी केबिनकडे घरंगळू पाहते. हे व्हिडिओ बघून येत नाही, कुणीतरी शेजारी उभं राहून तुमची साखळी हातानं हलवून बघावी लागते.

सामान कोण देतं हेही विचारा. साखळ्या, पट्टे, ताडपत्र्या कंपनी देतेच. झिजलेला पट्टा बदलून मागितला तर प्रश्न न विचारता मिळतो का? कोपऱ्यांचे संरक्षक किती? आणि साखळी कसायला रॅचेट बाइंडर देता की जुना दांडीचा? दांडीचा बाइंडर सुटताना उसळतो. त्यानं जबडा मोडलेला माणूस मी पाहिलाय. आजच्या काळात जी कंपनी नवख्याच्या हातात दांडीचा बाइंडर देते, तिनं कुठं कुठं पैसे वाचवले असतील याचा अंदाज करा.

ताडपत्रीला मी मुद्दाम शेवटी ठेवणार होतो, पण तुम्ही बंद डबा सोडून इकडे येताय तर आत्ताच ऐका. लाकडाच्या मालाला लागणारी मोठी ताडपत्री एकेक शंभर पौंडांच्या आसपास भरते, थंडीत गोठली की जास्तच, आणि ती खांद्यावरून वर न्यायची असते. वारा असेल तर शिडाच्या होडीसारखी ओढते. वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गावर वाऱ्यामुळं रस्ता बंद ठेवतात, तिथं एका रात्री ताडपत्रीची रबरं सुटली आणि मी दीड तास अंधारात लटकत होतो. फोर्कलिफ्टनं ताडपत्री वर ठेवून देणारे कारखाने आहेत, न देणारेही आहेत. झाकताना ट्रेलरवरून पडू नये म्हणून दोर-पट्ट्याची सोय असलेल्या जागाही आहेत. कंपनीचे नेहमीचे गिऱ्हाईक कोण, हे म्हणूनच विचारायचं. काही कंपन्यांकडे सरकत्या छताचे कोनेस्टोगा ट्रेलर असतात, त्यात ताडपत्रीचा त्रासच नाही, पण नवख्याला ते क्वचित मिळतात.

आणि इथंच तुमच्या ६ सेंटांचा हिशेब लागतो. आठवड्याला २,२०० मैल धरले तर ६ सेंटांचे होतात १३२ डॉलर. एक कंपनी माल झाकायचे २५ डॉलर देते, दुसरी ७५. आठवड्यात तीनदा झाकलंत तर फरक १५० चा. संपला विषय. त्यात कारखान्यात पाच तास थांबवलं तर कितव्या तासापासून पैसे सुरू होतात, गाडी बिघडून दोन दिवस मोटेलात काढले तर रोजचे किती, हे आलंच नाही. बांधणी-झाकणीला लागलेला वेळ कायद्यानं दिवसाला घातलेल्या तुमच्या १४ तासांच्या मर्यादेतून जातो आणि मैल मात्र शून्य पडतात. ओव्हरटाइम मागायचीही सोय नाही, राज्याबाहेर माल नेणाऱ्या ड्रायव्हरला १९३८ च्या कामगार कायद्यातल्या ओव्हरटाइमच्या तरतुदीतून वगळलेलं आहे. म्हणून कोलंबसच्या आसपास पोलादाच्या २००-२५० मैलांच्या छोट्या खेपा जास्त मिळणार असतील, तर मैलावर पगार देणाऱ्यापेक्षा भाड्यातला टक्का देणारी कंपनी परवडते. लांब पल्ल्याला उलटं होऊ शकतं. दोन्हीकडे त्यांच्याच नवख्या ड्रायव्हरच्या गेल्या तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या दाखवायला सांगा, नाव झाकून. देणारे देतात.

मी स्वतः कुठल्याही कंपनीला होकार देण्याआधी एक गोष्ट करतो. केंद्र सरकारच्या 'सेफर' संकेतस्थळावर कंपनीचं नाव किंवा यूएसडीओटी नंबर (केंद्रीय वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक) टाकायचा. दोन वर्षांत किती तपासण्या झाल्या, त्यात किती गाड्या आणि किती ड्रायव्हर जागेवर थांबवले, आणि शेजारी देशाची सरासरी, सगळं फुकट दिसतं. कंपनीचे गाड्या थांबवण्याचे टक्के सरासरीपेक्षा वर असतील, तर रिक्रूटर कितीही गोड बोलो, जाऊ नका. उल्लंघनांच्या यादीत ३९३.१०० पासून पुढचे नियमांचे आकडे सारखे सारखे दिसले तर समजायचं की माल बांधण्यात यांची बोंब आहे. मी हे पहिल्या वेळेला केलं असतं तर ते पट्टे मला विकत घ्यावे लागले नसते.

सह्यांच्या बाबतीत दोनच गोष्टी. सीडीएल शिकवणाऱ्या शाळेची फी कंपनी भरत असेल तर करार किती महिन्यांचा आणि मधेच सोडलं तर किती रक्कम, आणि ती महिन्यागणिक कमी होत जाते की शेवटपर्यंत पूर्ण राहते, ते लेखी घ्या. दुसरं, पहिल्या वर्षी कुणी "भाडेतत्त्वावर ट्रक घे, स्वतःचा मालक हो" म्हणालं तर पळा. आपल्याकडे कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांची काय अवस्था होते ते आपण पाहिलंय, इथं तर हप्ता कापणारा आणि माल देणारा एकच असतो. केंद्रानं नेमलेल्या ट्रक लीजिंग टास्क फोर्सनं जानेवारी २०२५ मध्ये अशा भाडे-खरेदी करारांवर बंदी घालावी अशीच शिफारस केली.

राहिलं ते "नाही" म्हणण्याचं. रिक्रूटरला हा प्रश्न जसाच्या तसा विचारा: रात्री दोन वाजता बांधणी पटली नाही आणि मी गाडी हलवायला नकार दिला, तर मी कुणाशी बोलायचं? चांगल्या कंपनीत त्यासाठी वेगळा माणूस असतो, फोटो पाठवले की तो सांगतो, इथं एक साखळी वाढव, तिथलं लाकूड बदल. वाईट कंपनीत तो फोन फिरून डिस्पॅचरकडेच जातो आणि त्याला फक्त घड्याळ दिसतं. कायदा तुमच्या बाजूनं आहे. नियम मोडून गाडी चालवायला ड्रायव्हरवर दबाव टाकणं जानेवारी २०१६ पासून स्वतंत्र नियमभंग धरतात, त्याची तक्रार करता येते. पण कायदा तक्रारीनंतर कामाला येतो, त्या रात्री दोन वाजता नाही.

इंग्रजीची काळजी तुम्हाला नसेल, पण २०२५ च्या जूनपासून रस्त्यात अडवल्यावर इंग्रजीत उत्तर देता आलं नाही तर ड्रायव्हरला तिथंच थांबवतात. साखळी, पट्टा, बाइंडर, कोपरा यांची इंग्रजी नावं तोंडात बसवून घ्या, इन्स्पेक्टर तीच विचारतो.

एवढं सगळं फोनवर विचारायचं आणि मग एका रविवारी सकाळी गाडी काढायची. कोलंबसहून आय-७० नं पश्चिमेला गेलात की यूएस-४२ च्या फाट्यावर मोठे ट्रक स्टॉप आहेत. फ्लॅटबेडवाले पार्किंगमध्ये लगेच ओळखू येतात, गाडीच्या कडेला साखळ्या लटकत असतात आणि माणूस ताडपत्रीची घडी घालत असतो. तुम्हाला हव्या त्या कंपनीची गाडी दिसली तर सरळ पगाराचं विचारू नका. घडीचं दुसरं टोक धरा आणि विचारा, तुझा ट्रेनर कसा होता? घडी संपेपर्यंत तो सगळं सांगेल.