श्वा जमत नाही? आधी एवढंच करा
श्वा म्हणजे इंग्रजी शब्दांत जोर नसलेल्या अक्षरात येणारा आखूड, सैल 'अ'. घाबरू नका, हा स्वर तुमच्या तोंडात आहेच. 'कमळ'मधल्या 'क'चा अ घ्या, जीभ-ओठ सैल सोडा आणि तो अर्ध्यातच टाकून द्या. झाला श्वा.

आपली खोड म्हणजे स्पेलिंग दिसेल तसं वाचणं. 'फोटो' ठीक, पण 'फोटोग्राफी'त जोर दुसऱ्या अक्षरावर सरकतो, पहिला 'ओ' विरघळतो आणि ऐकू येतं 'फटॉग्रफी'.

- नवा शब्द भेटला की शब्दकोशात आधी आघात, म्हणजे जोर कुठल्या अक्षरावर पडतो ते, बघा.
- 'ऑफ', 'टू', 'फॉर' ठासून म्हणू नका. 'कप ऑफ टी' नव्हे, 'कपव् टी'.

मी सुरुवातीला नुसता श्वाच घोटत बसलो, वेळ वाया! आघाताचं अक्षर लांबवा, बाकीची आपसूक ढिली पडतात. उच्चारचिन्हं नंतर बघू.